लिंकन यांच्या एका सहीने गुलामगिरी संपली?

शाळेच्या पुस्तकात अमेरिकेचे यादवी युद्ध चार ओळींत उरकते. उत्तर आणि दक्षिण भांडले, लिंकनने गुलामगिरी बंद केली, पुढचा धडा. पण १८६१ ते १८६५ या चार वर्षांत जे घडले ते इतके सरळ नव्हते. या युद्धाबद्दल आजही छातीठोकपणे सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी तपासून पाहू.

गैरसमज १ : युद्ध गुलामगिरीवरून नव्हते, 'राज्यांच्या हक्कां'वरून होते.

वस्तुस्थिती : हक्क कसला, एवढे विचारले की उत्तर मिळते. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आले. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, एवढेच त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. दक्षिणेत होती तिथून ती उठवण्याची भाषा ते करत नव्हते. दक्षिणेला तेवढेही सोसले नाही. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले आणि पुढच्या काही महिन्यांत आणखी दहा राज्ये त्याच्या मागे गेली. मिसिसिपीने फुटण्याची कारणे लेखी दिली आणि आपले हित गुलामगिरीशी बांधलेले आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकले. फुटलेल्या राज्यांनी स्थापलेल्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये जाहीर भाषणात वंशांची असमानता हाच आपल्या नव्या राज्याचा पाया असल्याचे सांगितले. शिवाय पळून आलेले गुलाम मालकाला परत करा, अशी सक्ती उत्तरेकडच्या राज्यांवर करणारा १८५० चा केंद्रीय कायदा दक्षिणेच्या याच पुढाऱ्यांना हवाहवासा वाटत होता. तेव्हा राज्यांच्या हक्कांची आठवण कोणाला झाली नाही.

गैरसमज २ : उत्तर पहिल्या दिवसापासून मुक्तीसाठी लढले.

वस्तुस्थिती : सुरुवातीला लढाई देश एकसंध ठेवण्यासाठी होती. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी या चार राज्यांत गुलामगिरी होती, तरी ती संघराज्यातच राहिली. त्यांना दुखावणे लिंकन यांना परवडणारे नव्हते. आणि उत्तरेतही वंशद्वेष काही कमी नव्हता. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल पेटली, तेव्हा जमावाने कृष्णवर्णीयांना भर रस्त्यात ठार मारले आणि त्यांच्या मुलांचे अनाथालय जाळले.

गैरसमज ३ : गुलाम मुक्तीची वाट पाहत बसले होते.

वस्तुस्थिती : युद्धाचा हेतू बदलायला त्यांनीच भाग पाडले. २३ मे १८६१ ची रात्र. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम व्हर्जिनियात फुटीर सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलेले होते. त्यांनी अंधारात एक होडी गाठली आणि वल्ही मारत संघराज्याच्या ताब्यातला फोर्ट मन्रो हा किल्ला जवळ केला. दुसऱ्या दिवशी पांढरे निशाण घेऊन मालकाचा माणूस हजर : कायद्याप्रमाणे गुलाम परत द्या. किल्ल्याचे सेनापती बेंजामिन बटलर मूळचे वकील. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते ना, मग आमचा कायदा तिला लागू कसा, असा पेच त्यांनी टाकला. मालक या माणसांना मालमत्ता म्हणत होता. मग शत्रू जी मालमत्ता लढाईला वापरतो ती जप्त करता येते, असे म्हणून त्यांनी तिघांना ठेवून घेतले. बातमी पसरली. बायकापोरांसह लोक येऊ लागले आणि जुलैअखेर किल्ल्यावरची संख्या नऊशेच्या घरात गेली. ऑगस्टमध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा जप्तीला कायद्याचा आधार दिला.

पुढच्या वर्षी रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने तर फुटीर सैन्याची अख्खी बोटच पळवली. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्यांनी कप्तानाची हॅट डोक्यावर चढवली, किल्ल्यांना ठरलेले शिट्टीचे इशारे दिले आणि 'प्लँटर' ही बोट तोफांसकट, बायकामुलांसकट चार्ल्सटनच्या बंदरातून बाहेर काढली. हेच स्मॉल्स पुढे काँग्रेसचे सदस्य झाले. युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय संघराज्याच्या भूदलात दाखल झाले होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत; यांना १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापले जात. हा भेदभाव जून १८६४ मध्ये जाऊन मिटला.

गैरसमज ४ : लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने सगळे गुलाम मुक्त झाले.

वस्तुस्थिती : १८६० च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ३९.५ लाख गुलाम होते. जाहीरनामा लागू झाला तो फक्त बंडखोर प्रदेशांना. वर सांगितलेली चार राज्ये वगळली होती. टेनेसी आणि संघराज्याने आधीच जिंकलेले काही भागही वगळले होते. म्हणून तो नुसता कागद होता असे मात्र नव्हे. उत्तरेची फौज जिथे पोहोचेल तिथे मुक्ती पोहोचू लागली आणि कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली.

गैरसमज ५ : जनरल ली शरण आले आणि सगळे संपले.

वस्तुस्थिती : ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्स येथे फुटीर सेनापती ली यांनी संघराज्याचे सेनापती ग्रँट यांच्यापुढे शस्त्रे ठेवली, ती फक्त आपल्या सैन्याची. लिंकन यांच्यावर १४ एप्रिलला गोळी झाडली गेली, तेव्हाही इतर फुटीर फौजा मैदानात होत्या. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनमध्ये मुक्तीचा हुकूम निघाला तो १९ जूनला. केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी त्यानंतरही कायदेशीर होती. ती सगळीकडून गेली ६ डिसेंबर १८६५ ला, तेराव्या घटनादुरुस्तीने. तोवर सहा ते साडेसात लाख सैनिक मेले होते, आणि त्यांतले बहुसंख्य गोळीने नव्हे, रोगराईने.

गैरसमज ६ : हे सारे दूरचे, आपला काय संबंध?

वस्तुस्थिती : दक्षिणेची बंदरे नाकेबंदीत अडकली आणि ब्रिटनच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरचे वेड लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या.

पैसा आला तसा गेला. विचार मात्र टिकला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक छापले, तेव्हा अर्पणपत्रिकेत लिंकन यांचे किंवा कुठल्या सेनापतीचे नाव घातले नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा व्यक्त केली.