पायातला पट्टा ‘कुठे’ सांगतो, ‘का’ नाही

यवतमाळकरांना उपग्रहाच्या पाळतीची ओळख एका वाघाने करून दिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातल्या तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली गेली. पुढे हा ‘वॉकर’ महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे पालथे घालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला. कॉलरमुळे त्याचा मुक्काम कळत होता. तो का निघाला, हे मात्र अभ्यासकांना अंदाजानेच सांगावे लागले.

हेच तंत्र आता माणसाच्या पायाशी आले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी दहशतवादाच्या गुन्ह्यातील जामिनावरील आरोपीच्या पायात जीपीएस पट्टा बसवला. देशातला हा पहिलाच प्रयोग. त्याच वर्षी केंद्राने राज्यांना पाठवलेल्या आदर्श कारागृह कायद्यात, असे उपकरण घालायला तयार असलेल्या कैद्याला रजा देण्याची तरतूद आहे.

हा पट्टा काम कसा करतो? सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून तो स्वतःची जागा ठरवतो आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून ती नियंत्रण कक्षाला कळवतो. उघड्या आकाशाखाली चूक काही मीटरचीच होते. पण टिनाच्या छपराखाली किंवा डोंगराच्या कुशीत संदेश क्षीण होतो, रेंज नसली की निरोपच जात नाही. शिवाय बॅटरी नियमित चार्ज करावी लागते. वीज गेली आणि पट्टा बंद पडला, तर तो पळून जाण्याचा प्रयत्न समजायचा की भारनियमन? हे यंत्र ठरवू शकत नाही, माणसालाच ठरवावे लागते.

धाक बसतो का, हा दुसरा प्रश्न. इटलीचा विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्येच म्हटले होते की, गुन्हेगाराला रोखते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. पट्टा ही खात्री थोडी वाढवतो. अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्स प्रांतातील २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तुरुंगाऐवजी पट्ट्याच्या देखरेखीखाली राहिलेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेले आढळले. स्पेनमध्ये २००९ पासून पत्नीला मारहाण करणाऱ्यांवर असे उपकरण वापरले जाते; तो ठरलेल्या अंतराच्या आत आला की पोलिसांना इशारा जातो. जिला घराबाहेर पडायची भीती वाटते, तिच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

मात्र अर्जेंटिनाच्या निष्कर्षातला ‘ऐवजी’ हा शब्द विसरता कामा नये. देशात २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांतले शंभरापैकी सुमारे ७६ जण कच्चे, म्हणजे निकालाची वाट पाहणारे होते. अनेकांना जामीन मिळतो, पण जामीनदार मिळत नाही. अशा माणसाला पट्ट्यामुळे घरी जाता आले तर तो फायदाच. पण जो तसाही सुटला असता, त्याच्याच पायात पट्टा अडकवला तर तुरुंग रिकामा होत नाही, फक्त तुरुंगाची भिंत घरापर्यंत येते.

त्याची किंमत शरीर आणि मन दोन्ही मोजतात. पट्टा सतत घासल्याने कातडी सोलवटते. लोकांच्या नजरा टाळण्यासाठी माणूस बाहेर पडणेच टाळतो. पुसद-उमरखेडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्याला जिल्ह्याची हद्द आखून दिली, तर त्याचा हंगामच बुडेल. आणि या भागातल्या फासेपारध्यांना पाळत म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि हजेरी लादली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय अजून गेलेला नाही.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीने गुगल मॅपवर आपली जागा सतत दाखवत राहण्याची जामिनाची अट रद्द केली. आरोपीच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सारखे डोकावता येईल अशी अट घालता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. गंमत म्हणजे अशा ‘पिन’वरून प्रत्यक्ष हालचाल कळतच नाही, हे खुद्द गुगलनेच न्यायालयाला कळवले होते.

म्हणून पट्टा आपल्याकडे येईल तेव्हा चार प्रश्न विचारायला हवेत. तो तुरुंगाऐवजी आहे की सुटकेवर जादा बोजा? खर्च कोणाचा? खोटा इशारा गेला तर आरोपीचे म्हणणे कोण ऐकेल? आणि तो पायातून कधी निघणार, याची तारीख आदेशात लिहिली आहे का? ही उत्तरे आधी मिळाली, तरच पट्टा न्यायाच्या कामी येईल.