सुभाषिते नेमकी कुणाची?

सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचाराखाली कधी चाणक्याचे नाव असते, कधी आइन्स्टाइनचे, तर कधी मार्क ट्वेनचे. त्यांपैकी अनेकांनी ते वाक्य कधी उच्चारलेलेही नसते. हा दोष नव्या माध्यमांचाच आहे, असे मात्र मानण्याचे कारण नाही. शहाणपणाचे वचन हाती आले की त्याला एखादा थोर धनी शोधून द्यायचा, ही खोड फार जुनी आहे. भर्तृहरीच्या शतकांचा इतिहास त्याची साक्ष देतो.

नीती, शृंगार आणि वैराग्य या तीन शतकांनी भारतीय मनावर शतकानुशतके राज्य केले. वामन पंडितांनी सतराव्या शतकात ती मराठीत आणली. शतक म्हणजे शंभर श्लोक. तेव्हा एकूण तीनशे असायला हवेत. प्रत्यक्षात एक पोथी दुसरीशी जुळत नाही. सुभाषित हे मुक्तक असते. त्याचा अर्थ त्याच्यातच पुरा होतो, मागचा-पुढचा संदर्भ लागत नाही. त्यामुळे एखाद्या शास्त्रीबुवांनी आठवला म्हणून समासात लिहून ठेवलेला श्लोक पुढच्या लेखनिकाच्या हातून सहज मूळ संहितेत जाऊन बसतो. ‘शाकुंतल’ आणि ‘मुद्राराक्षस’ या नाटकांतले श्लोकही नीतिशतकात आढळतात, ते बहुधा याच वाटेने.

हा गुंता सोडवायला बसले ते मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी. व्यवसायाने गणिती आणि विचाराने मार्क्सवादी असलेल्या या विद्वानाने तीनशेहून अधिक हस्तलिखिते पडताळून १९४८ मध्ये भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यांच्या छाननीत भर्तृहरीच्या नावावरचे साडेआठशेच्या आसपास श्लोक जमले. त्यांतले सर्व परंपरांमध्ये सामान्यतः आढळणारे केवळ दोनशे! उरलेल्यांपैकी काही निरनिराळ्या शाखांत विखुरलेले, तर बरेचसे एखाददुसऱ्या पोथीतच डोकावणारे. म्हणजे परंपरेने कवीच्या पदरी त्याच्या खात्रीच्या ठेव्याहून कितीतरी अधिक माल बांधला होता.

कोसंबींचे त्या कवीशी फारसे जमत नव्हते, ही यातली गंमत. भर्तृहरीचे वैराग्य हे अंतःकरणातून उमललेले नसून राजाश्रयावाचून तिष्ठणाऱ्या विद्वानाची कुचंबणा त्यात आहे, असे त्यांनी १९४१ मध्येच लिहिले होते. ज्याच्याशी भांडायचे, त्याचे अक्षर न् अक्षर आधी तपासायचे, ही शिस्त दुर्मीळच म्हणायची.

हाच वाद पुढे ‘सुभाषितरत्नकोशा’च्या निमित्ताने रंगला. विद्याकर या बौद्ध पंडिताने अकराव्या शतकाच्या अखेरीस, बंगालच्या परिसरात, सतराशेहून अधिक श्लोक वेचून विषयवार लावले. एका भिक्षुसंघाच्या सावलीत वाढलेल्या या संग्रहात शृंगाराला मोठी जागा आहे. शिवाय सज्जन, दुर्जन, दारिद्र्य आणि वार्धक्यही आहे. विद्याकराने शक्य तिथे कवीचे नाव नोंदवले. योगेश्वरासारख्या खेड्यापाड्याचे जग टिपणाऱ्या कवीची ओळख त्यामुळे टिकून राहिली. या ग्रंथाच्या ताडपत्री पोथीची छायाचित्रे राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमधून आणली आणि कोसंबी व वा. वि. गोखले यांनी संपादलेली आवृत्ती १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाली. हे काव्य आश्रयदात्या वर्गाच्या रुचीतून घडले, हे कोसंबींचे मत. १९६५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर करणारे डॅनियल इंगॉल्स यांना ते मान्य नव्हते. संस्कृत कवितेला तिच्या स्वतःच्या कसोट्यांवर जोखावे, असा त्यांचा आग्रह होता.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून निघालेल्या काशिनाथ पांडुरंग परबांच्या ‘सुभाषितरत्नभांडागारा’ची तऱ्हा याहून वेगळी. पुढच्या आवृत्त्यांत त्यातील श्लोकांची संख्या दहा हजारांवर गेली आणि वक्त्यांची मोठी सोय झाली. विषय काढावा, श्लोक उचलावा. त्यातील बहुतेक श्लोकांखाली मात्र कवीचे नाव नाही.

भर्तृहरीच्या बाजारी आवृत्त्या आजही शंभर-शंभर श्लोकांचा, क्वचित त्याहून मोठा, हिशेब पुरा करूनच निघतात. त्यांतला कोणता श्लोक कोसंबींच्या दोनशेंत बसतो, हे सांगणारी खूण त्यांत सहसा नसते.