सारंगखेड्याचे घोडे आणि शोभेची दारू

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात तापी नदीच्या काठी सारंगखेडा नावाचे गाव आहे. दोंडाईच्याहून शहाद्याकडे जाणारा रस्ता येथेच तापी ओलांडतो. एरवी हे गाव खानदेशातील इतर गावांप्रमाणे आपल्या शेतीभातीत गढलेले असते. परंतु मार्गशीर्षी पौर्णिमेच्या सुमारास त्याचे रूप पार पालटून जाते. त्या दिवशी दत्तजयंती असते, आणि येथील एकमुखी दत्ताच्या दर्शनासाठी दूरदूरची माणसे यात्रेला येतात. या यात्रेबरोबर भरणारा घोड्यांचा बाजार तर साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशा नाना जातींची जनावरे येथे दाखल होतात. पांढरे, काळे, अबलख असे घोडे रांगेने बांधलेले असतात, मालक त्यांची मालिश करीत असतात, आणि गिऱ्हाइके दात, खूर व चाल पाहत हिंडत असतात.

मारवाडी व काठेवाडी घोडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम वेधून घेतात ते त्यांचे कान. दोन्ही कान आत वळलेले आणि त्यांची टोके एकमेकांना भिडू पाहणारी असतात. हे कान घोड्याचे केवळ भूषण नव्हे. प्रत्येक कान तो स्वतंत्रपणे हवा तसा वळवू शकतो. एक कान समोरच्या माणसाकडे असतो, तर दुसरा पाठीमागची चाहूल घेत असतो. ज्या ध्वनीची कंपने सेकंदाला 20,000 हून अधिक असतात, तो माणसाला ऐकू येत नाही. घोड्याला मात्र सुमारे 33,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. घोड्याचे पूर्वज मोकळ्या माळरानांवर राहत. त्यांना शिंगे नव्हती, नखे नव्हती. शत्रूची चाहूल लागताच चौखूर उधळणे, एवढाच बचावाचा मार्ग त्यांना ठाऊक होता. शेकडो पिढ्या माणसाजवळ काढूनही घोड्याचा हा स्वभाव गेलेला नाही. अचानक मोठा आवाज झाला की घोडा तो कशाचा आहे हे पाहण्यासाठी थांबत नाही; तो आधी पळतो.

आता जो घोडा आगाडी-पिछाडीने मेखांना जखडलेला आहे, त्याच्या जवळपास एखादा सुतळी बॉम्ब फुटला तर काय होईल? पळायचे तर आहे, परंतु पळता येत नाही. घोडा दावे ओढतो, मागच्या पायांवर उभा राहतो, लाथा झाडतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला तीस-चाळीस वेळा पडणारे त्याचे हृदयाचे ठोके भराभर वाढतात आणि अंगाला घाम फुटतो. त्याच्या भीतीने शेजारचा घोडा भितो. दावे तुटले, तर चारपाचशे किलो वजनाचे ते जनावर यात्रेच्या गर्दीतून धावत सुटते. मग इजा घोड्याला होईल की एखाद्या लहान मुलाला, हे कोणी सांगावे!

न्यूझीलंड देशात घोडे पाळणाऱ्या अकराशेंहून अधिक लोकांकडून याविषयी माहिती गोळा करण्यात आली, आणि ती 2016 साली प्रसिद्ध झाली. दारूकामाच्या वेळी शंभरांतील सुमारे 80 घोडे घाबरे किंवा अतिशय घाबरे होतात, असे मालकांनी सांगितले. दर चार मालकांपैकी एकाने, यामुळे घोड्याला दुखापत झाल्याचे कळविले. कित्येकांचे घोडे कुंपणे मोडून पळाले होते.

यावर कोणी असे म्हणेल की, पूर्वीच्या फौजांतील घोडे तोफाबंदुकांच्या गडगडाटातही उभे राहत नसत काय? राहत असत, परंतु ते तसे शिकविलेले असत. लष्करातील आणि पोलिसांतील घोड्यांना ही सवय फार सावकाश लावावी लागते. प्रथम आवाज पुष्कळ दूरवर करतात, त्या वेळी घोड्यापुढे दाणा ठेवतात, ओळखीचा माणूस त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहतो. आणि दिवसामागून दिवस ते अंतर थोडेथोडे कमी करीत आणतात. लग्नाच्या वरातीत नवरदेवाला पाठीवर घेऊन चालणाऱ्या घोड्याच्या वाट्याला असे शिक्षण नेहमी येतेच असे नाही. त्याच्या पायाशी मात्र फटाक्यांची माळ सर्रास लावली जाते.

दारूकामाची आवड आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील दारूकामाचा इतिहास शोधून काढला, तेव्हा त्यांना संत एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवर' या सोळाव्या शतकातील काव्यातही लग्नसमारंभातील दारूकामाचा उल्लेख आढळला. अंधाऱ्या रात्री भुईनळ्याचे झाड फुलले, की त्या उजेडात सर्वांचे चेहरे क्षणभर उजळून निघतात. तो आनंद खोटा नाही. म्हणूनच त्याची किंमत कोण देतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शोभेची दारू मुख्यतः शोरा, गंधक आणि कोळसा यांची बनते. कोळसा व गंधक जळतात, आणि जळण्यासाठी लागणारा प्राणवायू शोरा पुरवितो. त्यामुळे ही दारू बाहेरच्या हवेची वाट न पाहता झपाट्याने पेट घेते. मोकळी ठेवलेली दारू नुसती भुर्रकन जळून जाते. तीच दारू कागदात घालून वर सुतळीचे घट्ट वेटोळे दिले, म्हणजे आत कोंडलेले वायू वेष्टन फोडून बाहेर पडतात आणि मोठा बार होतो. आवाजाचा जोर डेसिबल या मापाने मोजतात. दोन माणसांचे साधे बोलणे 60 डेसिबलच्या आसपास असते. 1999 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमानुसार, फटाका फुटतो त्या जागेपासून चार मीटर अंतरावर 125 डेसिबलहून अधिक आवाज करणारा फटाका तयार करण्यास किंवा विकण्यास मनाई आहे. साठ आणि सव्वाशे यांत फार अंतर नाही, असे वरवर पाहता वाटेल. परंतु हे माप असे आहे की दर दहा डेसिबलांमागे ध्वनीची तीव्रता दसपट होते. साठाचे सत्तर झाले की दसपट आणि ऐंशी झाले की शंभरपट, अशा हिशेबाने सव्वाशेपर्यंत ती कित्येक लाख पटींनी वाढलेली असते.

आवाज विरून जातो. धूर इतक्या लवकर जात नाही. ज्वालेला रंग येण्यासाठी दारूत निरनिराळ्या धातूंचे क्षार मिसळतात. स्ट्रॉन्शियमने तांबडा रंग येतो, बेरियमने हिरवा, तांब्याने निळा, तर ॲल्युमिनियमच्या भुकटीने पांढराशुभ्र झगझगाट होतो. हे धातू जळून नाहीसे होत नाहीत. त्यांचे अतिसूक्ष्म कण धुराबरोबर हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत उतरतात.

कोणत्या फटाक्याचा धूर सर्वांत वाईट? बहुतेक मुले सुतळी बॉम्बचे नाव घेतील. 2016 साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेने विद्यार्थ्यांच्या मदतीने याची मोजणी केली. फटाका पेटविणारा माणूस जेथे उभा राहतो, त्या अंतरावर यंत्रे ठेवण्यात आली. उत्तर निघाले ते असे की, सर्वांत अधिक सूक्ष्म कण नागगोळीच्या धुरात होते! जी गोळी मुळीच आवाज करीत नाही, आणि निरुपद्रवी समजून अगदी लहान मुलांच्या हाती दिली जाते, तिच्या धुराने एका घनमीटर हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण 64,500 मायक्रोग्रॅमपर्यंत चढविले. फुलबाजीने ते 10,000 च्या वर नेले, आणि भुईनळ्याने 4,800 च्या वर. आपल्या देशात चोवीस तासांच्या सरासरीने अशा कणांचे प्रमाण 60 हून अधिक असू नये, असा दंडक आहे. नागगोळीचा धूर काही क्षणांचाच असतो, म्हणून या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येणार नाही हे खरे. पण नाग कसा वाढतो हे पाहण्यासाठी मूल त्याच वेळी त्या गोळीवर ओणवे होऊन पाहत असते.

दिवाळी आणि दत्तजयंती हे दोन्ही सण थंडीच्या दिवसांत येतात, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. उन्हाळ्यात तापलेली हवा वर चढते आणि धूर आपल्याबरोबर नेते. हिवाळ्याच्या निवांत रात्री जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन खालीच बसते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा पसरतो. धूर त्याखाली कोंडला जातो. सकाळी शेताच्या वाटेने जाणाऱ्या माणसाला जे धुके वाटते, त्यात आदल्या रात्रीचा फटाक्यांचा धूरही मिसळलेला असू शकतो. शिवाय खानदेशात हे दिवस कापसाचे. घराघरांत कापूस साठविलेला असतो आणि खळ्यांवर कडब्याच्या गंजी असतात. वाट चुकलेल्या एका बाणाची ठिणगी अशा ठिकाणी पडली, तर शेतकऱ्याची वर्षाची कमाई घटकाभरात भस्म होते.

दारूकामात वापरण्यात येणारे परक्लोरेट नावाचे क्षार पाण्यात सहज विरघळतात. ते पोटात गेल्यास गळ्यातील अवटू ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील एडा या गावी तलावाच्या काठी दरवर्षी दारूकाम होत असे. तेथील पाणी शास्त्रज्ञांनी तपासले, आणि 2007 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दारूकामानंतर चौदा तासांच्या आत पाण्यातील परक्लोरेटचे प्रमाण नेहमीच्या 24 पटींपासून 1,028 पटींपर्यंत वाढलेले आढळले, आणि पाणी पूर्ववत होण्यास 20 ते 80 दिवस लागले. सारंगखेड्याजवळही तापीवर बंधारा आहे. वाहत्या पाण्यापेक्षा अडविलेल्या पाण्यात मिसळलेली वस्तू अधिक काळ टिकून राहते, हे सांगावयास नको.

परंतु या दारूची सर्वांत मोठी किंमत दिली जाते, ती खानदेशापासून फार दूर. भारतात विकल्या जाणाऱ्या फटाक्यांपैकी बहुतेक तमिळनाडूतील शिवकाशी या गावात आणि त्याच्या आसपास तयार होतात. तो प्रदेश कोरडा आहे. पाऊस कमी आणि शेती बेभरवशाची. कोरड्या हवेत दारू लवकर वाळते म्हणून हा धंदा तेथे वाढला, आणि दुसरे काम मिळत नाही म्हणून माणसे या धंद्यात आली. दारू मिसळणे, नळ्यांत भरणे, वाती बसविणे ही पुष्कळशी कामे हातांनीच होतात. जराशा घर्षणाने किंवा कडक उन्हाच्या तापानेही मिश्रण पेट घेऊ शकते. 5 सप्टेंबर 2012 रोजी शिवकाशीजवळच्या मुदलीपट्टी येथे एका कारखान्यात लागलेल्या आगीत सुमारे 40 माणसे मृत्यू पावली. दिवाळी तेव्हा दोन महिन्यांवर आली होती, आणि मागणी वाढली होती.

एके काळी शिवकाशीच्या फटाक्यांच्या व आगपेट्यांच्या धंद्यात हजारो मुले राबत असत. ती तुमच्याच वयाची, कित्येक तर तुमच्याहून लहान होती. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात किंवा धोक्याच्या कामावर ठेवू नये, असे भारताच्या संविधानात स्पष्ट म्हटले आहे. तरीही हे चालत होते. शेवटी 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या प्रकरणात निर्णय दिला. अशा कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे 20,000 रुपये त्या मुलांच्या कल्याणनिधीत भरावेत, असा आदेश झाला.

फटाके उडतात तेथील गर्दीही सुरक्षित नसते. केरळातील कोल्लमजवळ परवूर येथील पुट्टिंगल देवीच्या उत्सवात 10 एप्रिल 2016 च्या पहाटे दारूकाम चालू असता साठविलेल्या दारूवर ठिणगी पडली. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जखमी झाली. ते सारे देवीच्या उत्सवासाठी जमलेले लोक होते.

न्यायालयांनी आणि शास्त्रज्ञांनी या बाबतीत काही वाटा काढल्या आहेत. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाचे फटाके उडविण्यास बंदी केली. 2018 साली त्याच न्यायालयाने फटाक्यांच्या लांब माळा व बेरियमचे क्षार यांवर बंदी घातली, आणि कमी धूर करणारे फटाकेच विकावेत असे सांगितले. असे फटाके नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केले असून त्यांना 'हरित फटाके' म्हणतात. हिरवा रंग देणारे बेरियम नेमके या हरित फटाक्यांत चालत नाही, ही एक गमतीची गोष्ट आहे. त्यांचा धूर सुमारे 30 टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे उरलेला 70 टक्के असतोच. इटलीतील कोलेक्किओ नावाच्या गावाने 2015 साली निराळा उपाय केला. जनावरांना त्रास होऊ नये, म्हणून तेथे आवाज न करणारेच दारूकाम करावे असा नियम झाला.

शिवकाशी ज्या राज्यात आहे, त्याच तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडी नावाचे पक्षी अभयारण्य आहे. ईशान्येकडील पावसाचे दिवस आले, की दूरदेशीचे बगळे, करकोचे व इतर पाणपक्षी तेथील तळ्यांवर येतात आणि झाडांवर घरटी बांधतात. नेमकी त्याच सुमारास दिवाळी येते. मोठ्या आवाजाने पक्षी दचकून उठतात, त्यांची अंडी व पिले उघडी पडतात, हे गावकऱ्यांच्या ध्यानात आले. कोल्लुकुडीपट्टी आणि वेट्टंगुडी या गावांतील लोक कित्येक दशकांपासून दिवाळीत फटाके उडवीत नाहीत. ही प्रथा गावकऱ्यांनी आपण होऊन पाडली आहे. वनखात्याची माणसे दिवाळीला गावात येऊन मुलांना मिठाई वाटतात. आणि तळ्याकाठच्या झाडांवर, त्या रात्रीही, पक्षी आपापल्या घरट्यांत बसून असतात.