पाच रुपयांचं पाकीट

पोर शाळेतून येतं, दप्तर टाकतं आणि पाच रुपये मागतं. आपण शेतातून, कामावरून दमून आलेल्या, देऊन टाकतो. मग रात्री ताट पुढे केलं की म्हणतं, भूक नाही.

आम्ही गटाच्या बैठकीत असं एक पाकीट उलटं करून वाचलं. त्यावरची घटकांची यादी वजनाच्या क्रमाने असते. जे जास्त, ते आधी. आमच्या पाकिटावर दुसऱ्याच नंबरला पामतेल होतं. वजन १२ ग्रॅम. म्हणजे किलोला चारशेच्या वर भाव! शेंगदाणे त्याच्या निम्म्याहून कमी भावात येतात, आणि १०० ग्रॅम दाण्यांत जवळपास २५ ग्रॅम प्रथिनं असतात.

मिठाचंही बघा. पाकिटावर बहुधा ‘सोडियम’ लिहितात. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेकरांना त्याहून कमी.

पण नुसतं ‘नको’ म्हणून पोर ऐकत नाही. त्याला कुरकुरीत हवं असतं, आणि लगेच. म्हणून मुरमुरे, फुटाणे, दाणे-गूळ डब्यात तयार ठेवा, त्याचा हात पोचेल असे. पाच वर्षांच्या आतल्यांना मात्र अख्खे दाणे-फुटाणे नकोत, घशात अडकतात. दाण्याच्या कुटाचा लाडू द्या. जत्रेत एखादं पाकीट घेतलं तर आम्ही काही रागावणार नाही.

गटातर्फे दाणे घाऊक आणतोय. हवे असतील त्यांनी पुढच्या बैठकीत नाव लिहावं.