रील करा, पण नियम पाहून! नांदेड-लातूरच्या क्लास, दवाखाना, वकिलीच्या व्हिडिओंना कायद्याची चौकट काय?

नीटचा निकाल लागला की लातूरच्या चौकांत गुणवंतांचे फलक झळकतात. आता त्याआधीच मोबाइलवर गुलाल, हार, पेढे आणि ‘आमचा विद्यार्थी’ अशी पट्टी असलेल्या रील फिरू लागतात. नांदेडमध्येही क्लासेसपासून दवाखान्यांपर्यंत आणि एसी दुरुस्तीपासून वकिलीपर्यंत सगळ्यांना व्हिडिओचे महत्त्व पटले आहे. मुखेड किंवा निलंग्यातला पालक अशीच एखादी रील पाहून मुलाला कुठे ठेवायचे, हे ठरवतो. त्याच्यासाठी हा फीचा, खोलीभाड्याचा आणि मुलाच्या आयुष्यातील एका वर्षाचा प्रश्न असतो. त्यामुळे अशा व्हिडिओत काय दाखवता येते आणि काय नाही, हे करणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही माहीत हवे.

व्हिडिओची गरज का वाढली?

साडी हातात घेऊन पाहता येते. शिकवणी, उपचार किंवा वायरिंगचे तसे नाही. त्यामुळे आपल्याकडे अशी कामे पाहुण्यांच्या ओळखीने ठरायची. व्हिडिओमुळे अनोळखी माणसाचेही बोलणे आणि कामाची पद्धत आधी दिसते. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली. त्यानंतर जुलैत इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स भारतात सुरू झाले. छोट्या व्यावसायिकाला मोबाइलवरच जाहिरातीचे साधन मिळाले.

लाखो व्ह्यूज म्हणजे लाखो ग्राहक?

नाही. नांदेडमध्ये मोटार दुरुस्त करणाऱ्याला पुण्यातले एक लाख व्ह्यूज काही कामाचे नाहीत. लोहा-कंधारचे वीस फोन कामाचे आहेत. त्यासाठी ग्राहक फोनवर जो प्रश्न विचारतात, त्याचेच उत्तर व्हिडिओत द्यावे. उदाहरणार्थ, ‘मोटार चालू होते, पण पाणी का ओढत नाही?’ यूट्यूबचा शोध व्हिडिओचे शीर्षक, वर्णन आणि आतला मजकूर शोधलेल्या शब्दांशी कितपत जुळतो, हे पाहतो. म्हणून शीर्षकात ग्राहकांचेच शब्द आणि गावाचे नाव असावे.

अनेक जण गुगल मॅपवरची व्यवसायाची नोंद विसरतात. ‘जवळचा इलेक्ट्रिशियन’ शोधणाऱ्याला तीच आधी दिसण्याची शक्यता असते. तिथे 30 सेकंदांपर्यंतचा आणि 75 एमबीपर्यंतचा व्हिडिओ टाकता येतो. दुकानाची पाटी, आतली जागा आणि चालू असलेले काम दाखवायला एवढा वेळ पुरतो.

कारागिरांसाठी वाट तशी मोकळी आहे; खोटा दावा केला नाही म्हणजे झाले. क्लासेस, डॉक्टर आणि वकिलांसाठी मात्र नियम वेगवेगळे आहेत.

क्लासेसना कोणते नियम?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरोधात मार्गदर्शक सूचना जारी केल्या. ‘निवड हमखास’, ‘प्रवेशाची खात्री’ असे दावे करता येत नाहीत. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव, फोटो किंवा मनोगत वापरायचे तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निवड झाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या दिवशी अर्जावर घेतलेली सही त्यासाठी चालत नाही.

विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ केला आणि त्यासाठी पैसे भरले होते का, हेही सांगणे बंधनकारक आहे. ही माहिती दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत हवी. यामागे कारण आहे. केवळ मोफत मुलाखत मार्गदर्शनाला आलेल्या यूपीएससी उमेदवारांना काही संस्थांनी ‘आमचे विद्यार्थी’ म्हणून मिरवल्याचे प्राधिकरणाला आढळले होते. सूचना जारी झाल्या तोपर्यंत 45 संस्थांना नोटिसा गेल्या होत्या आणि 18 संस्थांना एकूण 54 लाख 60 हजार रुपयांचा दंड झाला होता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

डॉक्टरांनी रील करावी का?

करावी, पण रुग्ण ओढण्यासाठी नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे गैरवर्तन ठरते. दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे किंवा शुल्क जाहीर करणे अशा मोजक्या बाबींची औपचारिक घोषणा करता येते. सार्वजनिक आरोग्याविषयी स्वतःच्या नावाने बोलण्यास मुभा आहे. म्हणजे नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एखाद्या डॉक्टरांनी ‘साप चावल्यावर काय करू नये’ हे सांगणे योग्य. ‘माझ्याकडे या, गुडघेदुखी कायमची घालवतो’ हे चालणार नाही.

सोशल मीडियासाठी सविस्तर नियम ऑगस्ट 2023 मध्ये आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. त्यामुळे 2002 ची संहिताच पुन्हा लागू झाली. ती मोडल्यास राज्य वैद्यकीय परिषद डॉक्टरचे नाव नोंदवहीतून ठरावीक काळासाठी काढू शकते.

मधुमेहासारखे आजार औषधाने बरे करण्याची जाहिरात तर कोणालाच करता येत नाही. 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात अशा आजारांची यादीच दिली आहे.

वकिलांचे काय?

बार कौन्सिलच्या नियम 36 नुसार वकिलांना जाहिरात करून काम मिळवण्यास मनाई आहे. 2008 मधील दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, संपर्क, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाईचे निर्देश दिले. वारसनोंद कशी होते, हे समजावून सांगणे वेगळे आणि ‘केस आमच्याकडे द्या, निकाल तुमच्याच बाजूने’ म्हणणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात सनद अडचणीत येऊ शकते.

पाहणाऱ्याने काय तपासावे?

- रीलमधील विद्यार्थ्याने नियमित वर्ग केला होता की फक्त टेस्ट सिरीज, हे क्लासला थेट विचारा.
- किती विद्यार्थ्यांपैकी किती निवडले गेले? एका चेहऱ्यावरून क्लासचा निकाल कळत नाही.
- फी परताव्याची अट लेखी घ्या.
- स्थानिक पेजवर एखाद्या सेवेचे कौतुक दिसले, तर ती सशुल्क जाहिरात आहे का, ते पाहा. पैसे किंवा भेटवस्तू घेतल्याचे स्पष्ट सांगणे इन्फ्लुएन्सरवर बंधनकारक आहे.
- फसवणूक वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. तक्रारीआधी व्हिडिओची लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. रील डिलीट झाली तर पुरावा हातात राहील.