पाणी उतरू लागलं की

डिसेंबरात भिगवण-कुंभारगावच्या काठावर येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, “पक्षी आले का?” होडीवाले भोई मामा म्हणाले, “पाणी किती उतरलंय ते बघा की आधी.” मला उजनी कळू लागली ती तिथून.

भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. साठा ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणून तर सोलापूरकडे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं म्हणतात. वरचं ५३ टीएमसी पाणी मावतं जेमतेम सहा मीटर उंचीत. म्हणजे जलाशय परातीसारखा पसरट. कालव्याला आवर्तन सुटलं, पाणी हातभर खाली गेलं, की केवढी तरी जमीन उघडी पडते. शेतकरी तिथे गाळपेर करतात. रोहित, शेकाट्या, चमचे त्याच चिखलात चरतात.

मी जातो तो कांड्या करकोच्यासाठी. करकोचा हे नाव आपण दोन वेगळ्या कुळांना देऊन बसलोय. पांढरा करकोचा जवळजवळ मुकाच, चोच वाजवून बोलणारा. कांड्या मात्र क्रौंचकुळातला. दिसण्याआधी ऐकू येतो. मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ माळांवर तो वीण करतो आणि हिमालय ओलांडून इकडे येतो. जगातल्या पंधरा क्रौंचांत सर्वांत लहान तोच. त्याचं मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं, त्यामुळे फांदी धरता येत नाही. दिवसभर हरभऱ्याच्या, काढलेल्या पिकांच्या रानात चरायचं आणि रात्र उथळ पाण्यात उभ्यानं काढायची. कोल्हा-कुत्रा आलाच तर पाणी वाजतं.

परवा सूर्य टेकताना डिकसळच्या बाजूनं ‘क्रर्र क्रर्र’ ऐकू आलं. मग आकाशात वाकडी रेघ. पाय खाली सोडत चौदा पक्षी घोटाभर पाण्यात उतरले. दुर्बिणीत एकाचा लाल डोळा दिसला, डोळ्यामागून निघालेला पांढऱ्या पिसांचा झुबका वाऱ्यानं मानेवर हलत होता.

तेवढ्यात फोटोसाठी एक होडी थेट थव्यावर घातली गेली. सगळे उडाले. मला फार वाईट वाटलं. रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या पाखराला असं उठवू नये. काठावरच्या उथळ जागा तरी संध्याकाळी मोकळ्या सोडायलाच हव्यात. आवर्तन कधी सोडायचं हे ऊस आणि पिण्याचं पाणी बघून ठरतं, तेही रास्तच. पण धरण तुडुंब राहिलेल्या वर्षी जानेवारीतही पाणी बाभळींच्या बुंध्याशी असतं आणि करकोच्यांना उभं राहायला जागाच नसते.

अंधार पडल्यावर ते परतले. दिसले नाहीत, फक्त आवाज आला.

मामांनी आदल्या दिवशी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती. सकाळी ती दोन पावलं कोरड्यात होती. काठी आणि पाणी यांमधल्या ओल्या गाळात पावलं उमटली होती, प्रत्येकात तीनच बोटं.