वांद्र्याची बोली आणि प्रसारणाची वाट

लहान भाषेचे आयुष्य बोलणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु गेल्या शतकभराचा अनुभव पाहता, ती भाषा कोणाच्या कानावर, कोणत्या प्रसंगी आणि किती नियमितपणे पडते, यालाही तितकेच महत्त्व असल्याचे दिसते. लिपीबद्ध झालेली भाषा ग्रंथालयात सुरक्षित राहते, मात्र तिचा हेल, तिच्या गाण्यांची लय आणि गोष्ट सांगतानाची तिची थांबण्याची जागा कागदावर उतरत नाही. वांद्र्याच्या गावठणांतून बोलली जाणारी ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची मराठी बोली या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे, कारण तिच्या लोककथांचे लेखन एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले, तिचे व्याकरण सरकारी सर्वेक्षणात नोंदले गेले, आणि तरीही तिच्या आवाजाचा प्रश्न आजही तितकाच निकडीचा आहे.

रणवार, पाली, चुईम, चिंबई, शेर्ली आणि राजन ही वांद्र्यातील जुनी गावे आज उंच इमारतींच्या गराड्यात उभी असली, तरी त्यांची मूळ वस्ती शेतकऱ्यांची, मासेमारांची आणि ताडी काढणाऱ्यांची होती. १५३४ च्या वसई तहानंतर साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, १५७५ च्या सुमारास वांद्र्यात सेंट अँड्र्यू चर्च उभे राहिले, आणि येथील कोळी, कुणबी, भंडारी आदी समाजांतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, नावे बदलली, प्रार्थनेची भाषा लॅटिन झाली. घरात आणि शेतात मात्र मराठीच राहिली. फ्रान्सिस्को वाझ द गिमराइश यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर रचलेले मराठी पुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले, आणि उपवासकाळात ते गाण्याची प्रथा उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत दीर्घकाळ टिकली. यावरून असे म्हणता येते की या समाजाचे मराठीशी असलेले नाते केवळ व्यवहाराचे नव्हते. त्याची भक्ती आणि त्याचा शोक याच भाषेत व्यक्त होत होता.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांचा या पट्ट्यातील अंमल संपला आणि १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे आली. पुढे मुंबईत गोव्याहून आणि मंगळूरहून कॅथलिक मंडळी नोकरीसाठी येऊ लागली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील आपला जुना हक्क ठसवण्यासाठी येथील मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. राणी व्हिक्टोरिया यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, म्हणजे १८८७ मध्ये, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधन नियतकालिकात जॉर्ज डि’पेन्हा यांनी साष्टीतील लोककथांची मालिका सुरू केली. एका बाजूला समाज आपली ओळख इंग्रजी राज्याच्या चौकटीत बसवत होता आणि दुसऱ्या बाजूला त्याच समाजातील एक अभ्यासक घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या राजाराणीच्या, सावत्र आईच्या आणि बोलणाऱ्या पक्ष्यांच्या गोष्टी गोळा करत होता, हा योग विलक्षण आहे. डि’पेन्हा यांचे काम पुढे अनेक वर्षे चालले. मात्र या कथा मुख्यतः इंग्रजी अनुवादात छापल्या गेल्याने कथानक राहिले आणि सांगणारीचा आवाज गळून पडला. ही त्या काळातील बहुतेक सर्वच लोकसाहित्य-संकलनांची मर्यादा होती, तिचा दोष एकट्या डि’पेन्हांना देणे योग्य ठरणार नाही.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोळी, आगरी, कुणबी आदी कोकणपट्टीतील बोलींबरोबर ‘किरिस्तांव’ या नावाने या ख्रिस्ती बोलीची स्वतंत्र नोंद आहे. सर्व बोलींची तुलना करता यावी म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टांत प्रत्येक बोलीत उतरवून घेण्याची त्या सर्वेक्षणाची पद्धत होती. या बोलीचे शेजारच्या कोळी आणि आगरी बोलींशी असलेले सख्य उघड आहे. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ड’च्या जागी ‘र’ येण्याची प्रवृत्ती, तसेच चर्च, स्वयंपाक आणि वस्त्रप्रावरण यांच्याशी निगडित पोर्तुगीज शब्दांचा भरणा, ही तिची सहज लक्षात येणारी लक्षणे होत. पुढे ग्रिअर्सन यांच्या आग्रहाने निरनिराळ्या प्रांतांत भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही घेतले गेले, म्हणजे बोलीचा अभ्यास कानाने करायला हवा ही जाणीव भारतात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच आली होती.

आवाज न जपल्याची किंमत काय असते, हे वांद्र्यानेच एकदा अनुभवले आहे. पोर्तुगीज काळात वसई, साष्टी आणि मुंबई येथे पोर्तुगीज शब्दभांडार आणि स्थानिक भाषांची घडण यांच्या मिश्रणातून ‘नोर्तेरो’ ही संमिश्र भाषा घडली होती. परस्परांची भाषा न कळणाऱ्या लोकांच्या दीर्घ सहवासातून जन्मणाऱ्या आणि पुढच्या पिढीची मातृभाषा बनणाऱ्या अशा भाषेला भाषाविज्ञानात क्रिओल म्हणतात. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये या ‘उत्तरेकडील’ बोलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज वांद्र्यात ती कोणी बोलत नाही. तिची सख्खी बहीण म्हणता येईल अशी क्रिओल रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात अजून घराघरांत बोलली जाते, आणि दोहोंची तुलना केल्यास वांद्र्याने काय गमावले याचा काही अंदाज येतो.

युरोपातील एका बेटाचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रात वसलेल्या मॅन बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौरस किलोमीटर आहे आणि त्याची लोकसंख्या मुंबईच्या एखाद्या मोठ्या उपनगराइतकीही नाही. तेथील मँक्स ही भाषा आयरिश आणि स्कॉटिश गेलिक यांची भगिनी असून, १९०१ च्या जनगणनेत ती बोलणाऱ्यांची संख्या ४,४१९ होती, तर १९६१ मध्ये ती अवघ्या १६५ वर आली होती. इंग्रजीशिवाय पोट भरत नाही अशी समजूत घराघरांत रुजल्याने आईबाप मुलांशी मँक्स बोलेनासे झाले. वांद्र्यातही हेच घडले, फक्त त्याला शाळा, नोकरी आणि शेजार अशी तिहेरी साथ मिळाली. १८६३ मध्ये सुरू झालेल्या सेंट स्टॅनिस्लॉससारख्या शाळांनी इंग्रजी शिक्षण दाराशी आणले, सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांनी त्याला मोल दिले, आणि कोकणी बोलणारे गोवेकर व मंगळूरकर शेजारी आल्यावर चर्चच्या अंगणात सर्वांना समजणारी भाषा इंग्रजीच ठरली.

मँक्स भाषेच्या बाबतीत मात्र ध्वनिमुद्रण वेळेवर झाले. व्हिएन्नाचे रुडॉल्फ ट्रेबिच यांनी १९०९ मध्ये फोनोग्राफवर, तर नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल मार्स्ट्रांडर यांनी १९२९ नंतरच्या काही वर्षांत मेणाच्या नळकांड्यांवर मँक्स भाषकांचे आवाज टिपले. आयर्लंडचे नेते इमॉन द व्हॅलेरा यांनी १९४७ मध्ये बेटाला भेट दिल्यानंतर, १९४८ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाचे केव्हिन डॅनाहर ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन तेथे गेले आणि उरलेल्या वृद्ध भाषकांचे बोलणे त्यांनी तबकड्यांवर नोंदवले. त्या भाषकांपैकी नेड मॅड्रेल हे मासेमार १९७४ मध्ये वारले, आणि मँक्स ही मातृभाषा म्हणून बोलणारी शेवटची व्यक्ती म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तोपर्यंत हातात टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जाणाऱ्या तरुणांची एक पिढी तयार झाली होती. भाषा त्यांच्याकडे उच्चारांसकट गेली.

ध्वनिमुद्रण आणि प्रसारण यांतील फरक येथे स्पष्ट करायला हवा. ध्वनिमुद्रण आवाज साठवते, तर प्रसारण तो ठरावीक वेळी, ठरावीक लोकांच्या घरात, त्यांनी मुद्दाम न मागताही पोहोचवते. १९६४ मध्ये सुरू झालेले ‘मँक्स रेडिओ’ हे बेटाचे स्वतःचे आणि तेथील सरकारच्या मालकीचे केंद्र असून, त्यावरील बहुतांश कार्यक्रम इंग्रजीत असले तरी मँक्स भाषा, गेलिक संगीत आणि लोककथा यांना वाहिलेले साप्ताहिक कार्यक्रम त्याने वर्षानुवर्षे चालू ठेवले आहेत. दहा मिनिटांची बातमी, एखादे जुने नाविकगीत, एका वृद्धाचे जतन केलेले बोलणे आणि त्याच भाषेत त्यावर बोलणारा तरुण निवेदक, असा मेळ जमल्याने ऐकणाऱ्यांच्या मनात ही भाषा वर्तमानकाळात येऊन बसली. २००१ मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या नकाशात ही भाषा मृत म्हणून दाखवली गेल्यावर तेथील शाळकरी मुलांनी त्याच भाषेत पत्रे पाठवून ती नोंद बदलून घेतली. २०२१ च्या जनगणनेत मँक्सचे काही ना काही ज्ञान असलेल्यांची संख्या २,२२३ होती.

मुंबईचा प्रसारणाचा इतिहास याहून जुना आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव रूढ झाले आणि २ ऑक्टोबर १९७२ पासून मुंबई दूरदर्शनही आले. पुणे केंद्रावरून १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या गीतरामायणाने रेडिओ मराठी मनाची पकड कशी घेऊ शकतो हे दाखवून दिले. परंतु एवढ्या मोठ्या प्रदेशासाठी बोलणाऱ्या केंद्राची भाषा स्वाभाविकपणे प्रमाण मराठी असते, आणि बोलींना तेथे प्रवेश मिळतो तो प्रामुख्याने लोकगीत आणि श्रुतिका यांच्या दारातून. या दारातून येताना त्यांचे रूप बदलते. कोळीगीतांचे उदाहरण घेतले तर, शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली गीते घराघरांत पोहोचली, समुद्रकाठच्या माणसाविषयी सर्व महाराष्ट्राला आपुलकी वाटू लागली, आणि त्या गीतांचे काव्यमोल वादातीत आहे. तरीही महाराष्ट्राने कोळीगीत म्हणून जे ओळखले ते या कवयित्रीचे, आणि चिंबईतील कोळीण जे गात होती ते तिच्या वाड्यातच राहिले. मॅन बेटावरही १८९६ मध्ये गिल नावाच्या संगीतकाराने लोकधुनांना इंग्रजी शब्द आणि पियानोची साथ देऊन संग्रह काढला होता, आणि मूळ चालींपर्यंत पोहोचण्यासाठी नंतरच्या संगीतकारांना लोकधुनांचे संकलक डॉ. क्लेग यांच्या हस्तलिखित नोंदींकडे परत जावे लागले. लोकसंगीताला व्यासपीठ देताना मूळ गाणारीलाही ध्वनिक्षेपकासमोर आणणे आवश्यक असते, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

वांद्र्याच्या गावठणांतील गाणी कामाला आणि विधीला बांधलेली आहेत, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची ठरते. लग्नाच्या आदल्या रात्री वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी, मांडवात घुमटाच्या तालावर चालणारी गाणी, उन्हाळ्यात वर्षभराचा बॉटल मसाला कुटताना मुसळाच्या ठेक्यावर म्हटली जाणारी पदे, ऑक्टोबरच्या सुरुवातीला नव्या भाताची लोंबी चर्चमध्ये नेऊन साजरा होणारा आगेरा, आणि मे महिन्यात क्रुसापाशी होणारी लादीन म्हणजे सामूहिक स्तुतिप्रार्थना, या प्रत्येक प्रसंगाचा स्वतःचा आवाज आहे. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याच्या एका तोंडावर कातडे ताणून केलेले वाद्य, आणि त्याचा घुमणारा नाद दुसऱ्या टोकाचे उघडे तोंड तळहाताने झाकून आणि मोकळे करून बदलता येतो. शेत गेले की आगेऱ्याची लोंबी बाहेरून आणावी लागते, विहीर बुजली की उंबराच्या पाण्याची मिरवणूक पाण्याच्या टाकीशी थांबते, मसाला गिरणीवर गेला की मुसळाचे गाणे निरुपयोगी होते. बोलीचा ऱ्हास असा कामाच्या ऱ्हासातून होतो आणि शाळेचे माध्यम हे त्याचे एकच कारण मानणे अपुरे आहे. म्हणूनच या बोलीतील कार्यक्रम केवळ जुन्या गाण्यांचा होऊन चालणार नाही; त्यात गावठणाच्या हद्दीचे वाद, मासळीचे भाव आणि पावसाळ्यात तुंबणाऱ्या गटारांची तक्रारही याच बोलीत यायला हवी.

याबाबतीत गावठणांतील लोक स्वस्थ बसलेले नाहीत. मोबाई गावठण पंचायतीसारख्या संघटना वेशभूषा, खाद्यपदार्थ आणि गाणी यांना सार्वजनिक स्थान मिळवून देत आहेत, मनोरी येथे या समाजाच्या वस्तूंचे संग्रहालय उभे राहिले आहे, आणि तरुण मंडळी आजी-आजोबांचे बोलणे आपल्या मोबाइलवर टिपून आंतरजालावर ठेवत आहेत. वसईकडे सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या कादोडी बोलीतही असेच लेखन आणि गायन चालू आहे. त्याच पट्ट्यातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ही घटना या किनाऱ्यावरील ख्रिस्ती मराठीच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने मोलाची होती. आंतरजालावरील चित्रफितींचे महत्त्व मोठे असले, तरी त्या शोधणाऱ्यालाच सापडतात आणि त्यांना वेळापत्रक नसते. ठरल्या वारी, ठरल्या वेळी शेजारच्या घरातही तोच आवाज लागलेला असणे, हे सामूहिक ऐकणे रेडिओच अधिक सहजपणे घडवू शकतो.

त्यासाठी कायद्याची वाट उपलब्ध आहे. केंद्र सरकारने २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ, म्हणजे मर्यादित परिसरातील लोकांनी स्वतः चालवायचे कमी शक्तीचे केंद्र, सुरू करण्याची मुभा दिली. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती साधारणतः १०० वॉटपर्यंत असते, त्यातील निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक सहभागातून तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, अशी धोरणाची अपेक्षा आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र या वाटेने चालले असून, तेथे गावातील स्त्रिया स्वतःच्या बोलीत ओव्या, शेतीची माहिती आणि व्यवहाराच्या गोष्टी सांगतात. मुंबई विद्यापीठाचेही असे केंद्र आहे. वांद्र्यात सेंट अँड्र्यूजसारखी महाविद्यालये, शतकानुशतके लोक जेथे एकत्र येतात अशी चर्चेस आणि बोली अजून तोंडात असलेली वृद्ध मंडळी, हे सर्व दोन-तीन किलोमीटरच्या परिघात आहे. केंद्र चालवण्यास लागणारा पैसा आणि परवान्याची दिरंगाई या अडचणी खऱ्या असल्या, तरी विद्यापीठाच्या चालू केंद्रावर आठवड्याला अर्धा तास मागून घेणे हा आरंभ कोणत्याही नव्या परवान्याशिवाय होऊ शकतो, आणि त्या अर्ध्या तासासाठी लागणारे पहिले ध्वनिमुद्रण येत्या लग्नसराईत, उंबराच्या पाण्याच्या रात्री, करता येण्यासारखे आहे.